कोकरांचा खुराक : मका कधी, पेंड किती?

प्रश्न : कोकरे चार महिन्यांची, वजन 20 किलोच्या आसपास. ओला लसूणघास पोटभर टाकतो, शिवाय रोज 200 ग्रॅम शेंगदाणा पेंड. तरी अंगावर मांस धरत नाही, लेंड्या मऊ पडतात. पेंड वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका, बंद करा. सकाळी वाड्यात शिरताना डोळे चुरचुरतात का, तेही बघा. तो अमोनियाचा वास म्हणजे तुमची पेंड मुतावाटे बाहेर चालली आहे.

मेंढीच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राहणारे सूक्ष्मजीव प्रथिने फोडून त्यांचा अमोनिया करतात आणि त्या अमोनियातून स्वतःचे शरीर बांधतात. पुढे आतड्यात हेच सूक्ष्मजीव पचतात आणि कोकराला त्यांच्यापासून बरीचशी प्रथिने मिळतात. पण बांधकामाला ऊर्जा लागते, तीही त्याच सुमारास, आणि ती पिष्ट, साखर व पचणाऱ्या तंतूंतून येते. ऊर्जा कमी पडली की उरलेला अमोनिया रक्तात शिरतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मुतातून जातो. या कामात कोकराची स्वतःची ऊर्जाही खर्च होते. म्हणजे पेंडीचे पैसे गेलेच, वर वाढही गेली.

ढोबळ हिशेब मांडू. 20 किलोचे कोकरू दिवसाला साधारण 800 ग्रॅम सुका आहार खाते. त्यात 14 टक्के प्रथिने धरली तर 112 ग्रॅम हवीत. 3 किलो ओला लसूणघास सुक्या हिशेबात 600 ग्रॅम भरतो आणि त्यातूनच 108 ग्रॅम मिळतात. पेंडीचे 80 धरले की बेरीज 188. गरजेच्या दीडपटीहून जास्त! त्याऐवजी लसूणघास 2 किलोवर आणा आणि 400 ग्रॅम मका द्या. घासाचे 72 आणि मक्याचे 36 मिळून 108 ग्रॅम. प्रथिने जवळपास पुरतात आणि ऊर्जा चांगली वाढते.

मका मात्र एकदम 400 ग्रॅम टाकू नका. 50 ग्रॅमपासून सुरू करा, दर तीन दिवसांनी 50 वाढवा, म्हणजे तीन आठवडे लागतील. घाई केली तर कोटीपोट आंबते, कोकरू लंगडते, खाणे सोडते, दगावतेही. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस धान्य सुरू करण्याआधीच झालेली असावी. मका पिठासारखा बारीक दळू नका, जाडसर भरडा पुरे. कोकरे अख्खा मकाही नीट चावून खातात. आणि उपाशी पोटी ओला लसूणघास नको, पोटफुगी होते. आधी थोडी सुकी वैरण टाका.

प्रश्न : आमच्याकडे हिरवा चारा नाही, फक्त कडबा. मका सकाळी, पेंड संध्याकाळी देतो. चालते का?

उत्तर : तुमची गोष्ट वरच्यापेक्षा उलटी आहे. 400 ग्रॅम कडब्यातून जेमतेम 16 ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे इथे पेंड लागणारच. 200 ग्रॅम मका आणि 200 ग्रॅम पेंड धरली तर एकूण 114 ग्रॅमपर्यंत पोहोचता. वरच्या कोकरांना पेंड नको आणि तुमच्यांच्या खुराकात ती निम्मी हवी, हा फरक फक्त वैरणीचा. म्हणून कोणी खुराकाचे प्रमाण विचारले की मी आधी गव्हाण बघतो. हा खुराकही मक्यासारखाच हळूहळू वाढवत न्या.

आता वेळेबद्दल. पेंड आणि मका एकत्र करा आणि दोन वेळांत वाटून द्या, कडबा थोडा खाऊन झाल्यावर. शेंगदाणा पेंड कोटीपोटात लवकर फुटते, मक्याचे पिष्ट सावकाश. गहू आणि सातू मक्यापेक्षा भरभर आंबतात, म्हणून ते देताना हात जपून ठेवा. तरी आजवर दिलेली पेंड सगळी वाया गेली असे समजू नका. मेंढी रक्तातला काही युरिया लाळेतून आणि कोटीपोटाच्या भिंतीतून परत आत घेते. प्रयोगांतही पेंड आणि मक्याच्या वेळा जुळवल्याचा फायदा दर वेळी दिसलेला नाही. माझा सल्ला सरळ आहे: दिवसाचे प्रमाण आधी बसवा, घड्याळ नंतर.

नर कोकरांना धान्य आणि पेंड यांतून स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी मिळते, त्यातून मुतखडा होतो. कडब्यावर असाल तर खुराकात 1 टक्का चुनखडीची भुकटी मिसळा. मीठ आणि स्वच्छ पाणी हवेच.

प्रश्न : पेंडीऐवजी युरिया?

उत्तर : लसूणघासावरच्या कोकरांना अजिबात नको, तिथे अमोनिया आधीच उतू चालला आहे. तीन महिन्यांखालच्यांना तर कुठल्याच चाऱ्यावर नको. कडबा आणि मका असेल तर मोठ्या कोकरांना एकूण सुक्या आहाराच्या 1 टक्क्याच्या आत, हळूहळू सवय लावून आणि बारीक करून नीट मिसळून. खडा राहिला तर एकाच कोकराच्या वाट्याला जातो. पाण्यात कधीच विरघळवू नका, कच्च्या सोयाबीनमध्ये मिसळू नका. लाळ गळणे, थरथर, फुगी दिसली तर पशुवैद्याला लगेच बोलवा.

बदल केल्यावर वजन दर 15 दिवसांनी घ्या, सकाळी वैरण टाकण्याआधी आणि त्याच काट्यावर. भरल्या पोटी घेतलेले वजन किलोभराने फसवते.