पीटेड स्कॉच मला दवाखान्यासारखी लागते. ती आवडायला लागावी म्हणून काय करू?

तो वास पीटच्या धुराचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पती. स्कॉटलंडच्या आयला बेटावर (हो, उच्चार असाच!) मोड आणलेली बार्ली त्या धुरावर वाळवतात आणि धुरातली फिनॉल्स (दवाखान्यासारखा वास देणारी रसायनं) दाण्यात मुरतात.

पहिल्याच दिवशी आर्डबेग किंवा लाफ्रोएग अशी भरपूर धुराची स्कॉच उघडलीत तर नाक मुरडणारच. बोमोर १२ (त्याच बेटावरची, बारा वर्षं मुरवलेली स्कॉच) पासून सुरुवात करा, तिच्यात धूर बेताचा असतो. ३० मिली पुरे, बर्फ नको, चमचाभर साधं पाणी घाला. ग्लासात नाक न खुपसता जरा लांबूनच हुंगा. आधी विझत आलेल्या चुलीची राख, मग खारं वारं, आणि मागून हळूच लिंबू, मध. सोडाच ओतायचा असेल तर एवढे पैसे कशाला घालवता?