राइड पिअर सहलीसाठी बांधला होता की उतारूंसाठी?

आपण विचारले आहे की, इंग्लंडच्या दक्षिणेकडील आयल ऑफ वाइट बेटावरच्या राइड पिअरला ब्रिटनमधला सर्वांत जुना सहलीचा धक्का म्हणतात, तर तो खरोखर सहलीसाठीच बांधला होता का, आणि त्यावरून लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे धावत असत ते कशामुळे. नोकरीनिमित्त मी काही काळ समोरच्या पोर्ट्समथमध्ये राहत होतो आणि या धक्क्यावरून माझे येणे-जाणे असे. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे राइडचा चिखल.

राइडचा किनारा कमालीचा उथळ आहे. भरतीला पाणी थेट गावाशी येऊन भिडते, पण ओहोटी लागली की ते जवळजवळ अर्धा मैल मागे हटते आणि मधला सारा गाळ उघडा पडतो. पोर्ट्समथहून सॉलंटची सामुद्रधुनी ओलांडून आलेली होडी अशा वेळी दूरवरच थांबे, आणि उतारूंना हमालाच्या पाठीवर बसून किंवा चिखलातून ओढत नेलेल्या घोडागाडीतून किनारा गाठावा लागे. इंग्रजी कादंबरीकार हेन्री फील्डिंग १७५४ मध्ये उपचारांच्या आशेने लिस्बनला निघाला असता प्रतिकूल वाऱ्यामुळे त्याचे जहाज येथे अडकून पडले. दिवसातला जवळपास निम्मा वेळ या गावात मित्रालाही पाऊल ठेवता येत नाही आणि शत्रूलाही, अशा अर्थाचे त्याने या चिखलाविषयी लिहून ठेवले आहे. कोकणात ओहोटीच्या वेळी लाँच गाळात रुतून बसल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना ही अडचण अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर उपाय म्हणून १८१२ मध्ये पार्लमेंटचा कायदा करून घेऊन एक कंपनी स्थापन झाली, १८१३ मध्ये पायाभरणी झाली आणि २६ जुलै १८१४ रोजी धक्का खुला झाला. त्याचा आराखडा साउदॅम्प्टनच्या जॉन केंट यांनी केला होता. लाकडी खांबांवर फळ्या टाकून केलेला हा मार्ग सुमारे १,७४० फूट लांब होता, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिक. तरीही मोठ्या ओहोटीच्या वेळी त्याचे टोक अपुरे पडे. म्हणून तो टप्प्याटप्प्याने वाढवावा लागला आणि १८३३ पर्यंत त्याची लांबी सुमारे २,२५० फुटांवर गेली. यातली एकही वाढ शोभेसाठी झालेली नाही. वाफेच्या बोटींना भरती-ओहोटीची वाट न पाहता केव्हाही लागता यावे, एवढाच तिचा उद्देश होता. सहलीचा भाग नंतर आपोआप आला. समुद्रात अर्धा मैल पाय न भिजवता चालत जाण्याचे सुख मिळते म्हटल्यावर लोक पैसे मोजून केवळ फिरायलाही येऊ लागले, आणि १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणीने याच बेटावरची ऑस्बोर्न ही इस्टेट विकत घेतल्यानंतर तर बेटावर येणाऱ्यांची रीघच लागली. त्यामुळे ‘सर्वांत जुना सहलीचा धक्का’ ही त्याची ख्याती खोटी नसली, तरी ती त्याला उशिरा चिकटलेली आहे असेच मी म्हणेन.

मात्र लांबीने एक अडचण सोडवली आणि दुसरी निर्माण केली. वारा-पावसात, मुलेबाळे आणि ट्रंका सांभाळत, बोटीपासून गावापर्यंत एवढे अंतर चालायचे कोणी? म्हणून पहिल्या धक्क्याला अगदी लागून दुसरा धक्का बांधण्यात आला आणि ऑगस्ट १८६४ मध्ये त्यावरून घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्या ट्रामचा एक डबा हल शहरातील वाहनांच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. त्याच्या लाकडावर द्राक्षांचे घड आणि वेली कोरलेल्या आहेत. अर्ध्या मैलाच्या प्रवासासाठी इतकी कारागिरी कशाला, असा प्रश्न मला पडला होता खरा, पण ज्यांच्या खिशात पैसा होता असेच उतारू या मार्गाने बेटावर येत, हे लक्षात घेतले की त्याचा उलगडा होतो.

त्याच महिन्यात राइडहून बेटावरच्याच शँकलिन गावापर्यंत रेल्वेही सुरू झाली. पण तिचे राइडमधले स्थानक सेंट जॉन्स रोडला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या अंगाला होते. १८७१ मध्ये ट्रामचे रूळ रस्त्यांवरून त्या स्थानकापर्यंत नेण्यात आले, तरी बोटीतून ट्राममध्ये आणि ट्राममधून आगगाडीत सामान हलवण्याचा त्रास काही संपला नाही. अखेर मुख्य भूमीवरच्या दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी एकत्र येऊन, एरवी एकमेकींच्या स्पर्धक असूनही, गावाखालून बोगदा खणला, तिसरा धक्का बांधला, आणि १२ जुलै १८८० पासून आगगाडी थेट बोटीपर्यंत पोहोचली. गमतीचा भाग असा की, मार्ग या दोघींच्या मालकीचा असला तरी त्यावर गाड्या चालवल्या त्या बेटावरच्या छोट्या कंपन्यांनीच. ट्रामही बंद पडली नाही. १८८६ मध्ये ती विजेवर गेली, १९२७ मध्ये पेट्रोलवर, आणि शेवटी १९६९ मध्ये थांबली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या बोगद्यात आहे. तो समुद्रसपाटीच्या इतका जवळ आहे की त्यात वरचेवर पाणी शिरे. १९६६ च्या अखेरीस वाफेची इंजिने निवृत्त झाली आणि मार्गाचे विद्युतीकरण करताना पाण्याच्या त्रासावर उपाय म्हणून बोगद्यातले रूळ उंच करण्यात आले, त्यामुळे वरची मोकळी जागा आणखी कमी झाली. नेहमीच्या उंचीचे डबे त्यातून जाणे शक्यच नव्हते. ब्रिटनमध्ये ठेंगण्या डब्यांच्या गाड्या तयार मिळण्यासारख्या होत्या त्या लंडनच्या भुयारी रेल्वेकडे, म्हणून तिथून निवृत्त झालेले डबे मार्च १९६७ पासून येथे धावू लागले. त्यांच्या जागी पुढे आलेले डबेही भुयारी रेल्वेचेच, १९३८ च्या बनावटीचे होते. ते जानेवारी २०२१ पर्यंत चालले. नोव्हेंबर २०२१ पासून ज्या गाड्या आहेत, त्याही लंडनच्याच जुन्या डब्यांची दुरुस्ती करून तयार केलेल्या आहेत. भुयारासाठी बनवलेली गाडी दोन्ही बाजूंना समुद्र असताना धावते, हे पाहायला लोक मुद्दाम येतात.

१९६५ पासून पोर्ट्समथच्या साउथसीहून राइडला हॉवरक्राफ्ट येते. हवेच्या गादीवरून चालत असल्याने ते चिखलावरून सरळ किनाऱ्यावर चढते, म्हणजे त्याला धक्का लागतच नाही, आणि सुमारे दहा मिनिटांत पोहोचवते. कॅटामरानला, म्हणजे जोड-सांगाड्याच्या वेगवान बोटीला, धक्क्यापर्यंत यायला २२ मिनिटांच्या आसपास लागतात. तरीही मी सहसा धक्काच पसंत करीत असे, कारण कॅटामरानमधून उतरल्यावर शँकलिनची गाडी तिथल्या तिथे मिळते, आणि वारा जोराचा असला की हॉवरक्राफ्टची फेरी रद्द होऊन त्याचे उतारूही शेवटी धक्क्याकडेच वळतात.