सुपरवायझर टिकत का नाहीत?

प्रश्न : मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. लाईनवरचे चांगले ऑपरेटर निवडून आम्ही सुपरवायझर करतो, पण वर्ष-दीड वर्षात ते सोडून जातात नाहीतर म्हणतात, साहेब मला परत मशीनवर टाका. यंदा पगार वाढवला तरी गळती थांबेना. एक्झिट इंटरव्ह्यूत सगळे म्हणतात, 'चांगली संधी मिळाली'. चुकतंय कुठे?

उत्तर : जाणारा माणूस खरं कशाला सांगेल, त्याला रिलीव्हिंग लेटर हवं असतं. तो फॉर्म बाजूला ठेवा. जे 'परत मशीनवर टाका' म्हणतायत ना, ते खरं बोलतायत.

आधी पगार. वाढवला म्हणता, पण ओव्हरटाइम धरून बघितलाय का? बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर झाला की ओव्हरटाइम बंद, मग हाताखालचा सिनिअर ऑपरेटरच त्याच्यापेक्षा जास्त घरी नेतो, वर शिफ्टचा चार्ज द्यायला-घ्यायला रोज जो जादा वेळ जातो तो कुठेच धरलेला नसतो. हे आधी सरळ करा.

तेवढ्याने तो थांबेलच असं नाही पण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 सालीच मांडलं होतं की पगार, कंपनीचे नियम, वरिष्ठांचं वागणं हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण ते नीट केलं म्हणून समाधान मिळतंच असं नाही, ते कामातून, जबाबदारीतून, कौतुकातून येतं. (त्यांनी बोलतं केलं होतं इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना, पुढे टीकाही बरीच झाली, तरी तुमच्या केसला लागू पडतंय.)

आता तुमच्याकडे काय होत असणार बघा. एकाने सुट्टी मागितली, माणसं कमी म्हणून सुपरवायझर नाही म्हणाला. त्याने थेट तुम्हाला फोन लावला, तुम्ही म्हणालात 'जा रे'. तुम्ही चांगले ठरलात, सुपरवायझरचा पार पोपट झाला आणि तो सगळ्या लाईनने बघितला. दुसऱ्या दिवशी टार्गेट हुकलं की मीटिंगमध्ये उभं कोणाला करता? त्यालाच ना! वरचे एक सांगणार, खालचे दुसरं मागणार, मधल्यामध्ये फोरमनचं, म्हणजे सुपरवायझरचंच, सँडविच, हे हार्वर्डच्या फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी 1945 मध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे दुखणं जुनंच आहे.

तेव्हा छोटी रजा, ओव्हरटाइमला कोण थांबणार, माल खराब निघतोय म्हणून लाईन थांबवणं, एवढं तरी पूर्ण त्याच्या हातात द्या. एखादा निर्णय फिरवावाच लागला तर आधी त्याला बोलवा आणि बदल लाईनवर त्यालाच सांगू दे. जे अजून टिकलेत त्यांना आत्ताच विचारा, गेल्या महिन्यात तुझं काय काय मी फिरवलं? पहिल्यांदा 'काही नाही साहेब' म्हणतील. परत विचारा.

आणि ज्याला खरंच मशीनच आवडतं त्याला परत मशीनवर जाऊ द्या, पण त्याच्यासाठी टेक्निकल ग्रेडचं प्रमोशन ठेवा, सुपरवायझर होणं हाच एक रस्ता ठेवलात तर चांगला ऑपरेटरही जाईल.

प्रश्न : नवीनच सुपरवायझर झालोय. बरोबरीचे मित्र आता हाताखाली आहेत, सांगितलेलं हसण्यावारी नेतात. कडक वागू का?

उत्तर : एकदम आवाज चढवू नका, त्याने अजून चेष्टा होते. एकेकाला बाजूला घेऊन बोला, आणि नावडतं काम वाटताना सगळ्यात जवळच्या मित्राचाही नंबर लावा, बाकीचे तेच बघत असतात.