वाढदिवसाला गोल्डफिश आणावेत का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी सात वर्षांची आहे, जुलैत तिचा वाढदिवस. कुत्रं पाळायला घरात जागा नाही, मांजराच्या केसांनी तिच्या बाबांना शिंका येतात. म्हणून तिची आत्या काचेचं गोल भांडं आणि दोन गोल्डफिश देणार आहे. दुकानदार म्हणतो, "चिमूटभर दाणे टाका, आठवड्याने पाणी बदला, झालं." खरंच एवढं सोपं असतं का? आणि मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावी जातो, तेव्हा काय करायचं?
– एक आई, चिंचवड

उत्तर : तिच्या आत्याला आजच फोन करा आणि भांडं घेऊ नकोस म्हणून सांगा.

मीही 2003 साली मुलाच्या हट्टापायी असंच पाच लिटरचं भांडं आणलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. मी घाईघाईने सगळं पाणी ओतून नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत दोघंही गेले. "आई, आपण तर त्यांना वेळेवर खायला देत होतो ना?" असं मुलगा विचारत राहिला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर पाण्यात होतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया हा विषारी पदार्थ बाहेर टाकतो आणि तो त्याच पाण्यात साठत जातो. गोल्डफिश तर भरपूर खाणारा, भरपूर घाण करणारा मासा. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. भांड्यात ना फिल्टर, ना तेवढं पाणी. वर नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. रोम शहराने 2005 साली अशा गोल भांड्यांवर बंदीच घातली.

दोन माशांना तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण 130 लिटर पाणी मावतं, म्हणजे काच आणि वाळू धरून वजन दीडशे किलोच्या पुढे. टीव्हीच्या कपाटावर ती मुळीच ठेवू नका. शेपटीचे झुपके असलेले ओरांडा किंवा र्‍युकिन जातीचे गोल्डफिश घ्या. साधे लांबट गोल्डफिश फूटभर वाढू शकतात. नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक गोल्डफिश 43 वर्षं जगला. म्हणजे तुमची लेक कॉलेजात जाईल, तेव्हाही पाणी बदलायला कोणीतरी लागणार. ते तुम्हीच असाल हे धरून चाला. सात वर्षांच्या मुलीवर टाकायची ही जबाबदारी नाही.

दर रविवारी मी पाव टाकी पाणी काढते, दोन बादल्या भरतात. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही. तपकिरी, मातकट पाणी निघतं. ते मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालते. नवं पाणी भरण्याआधी त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे, किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

उन्हाळा मात्र जिवावर येतो. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. एप्रिल-मेमध्ये मी टाकीचं झाकण काढून वर जाळी बांधते आणि टेबलफॅन पाण्यावर सोडते. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकू नका, एकदम बदल सोसत नाही. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात ठेवाच.

गावी जाण्याचं विचारलंत. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. खरी भीती प्रेमळ शेजाऱ्यांची! गोल्डफिशला जठर नसतं, म्हणून तो पोट भरलं तरी काचेशी येऊन खायला मागत राहतो, आणि बघणाऱ्याचा जीव कळवळतो. मी कागदाच्या छोट्या पुड्या बांधून देते, एक दिवसाआड एक, आणि उरलेला डबा कपाटात कुलपात.

एवढी जागा किंवा वेळ नसेल तर गप्पी आणा. डासांच्या अळ्या खायला पालिका तळ्यांत सोडते तेच. नळाच्या पाण्यातून फक्त क्लोरीन काढला आणि छोटा स्पंज फिल्टर लावला, तर दीड फुटी टाकीत सहा गप्पी आनंदात राहतात. फक्त सगळे नर घ्या, नाहीतर महिन्याभरात पिल्लंच पिल्लं.

आत्याला द्यायचंच असेल तर रिकामी टाकी आणि फिल्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यायला सांगा. टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासा नसला तरी रोज तीन-चार दाणे टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू पोसतात. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं. दोन्ही आधी वाढून पुन्हा शून्यावर आले की मुलीला घेऊन जा आणि पहिला मासा तिला निवडू द्या. दुसरा तीन आठवड्यांनी. वाढदिवस आठ दिवस मागे-पुढे झाला तरी तिला चालेल. रोज किटमधले थेंब टाकून पाण्याचा रंग बघायला तिला बोलवा, माझा मुलगा त्यातच रमला होता.