म्हापशाहून पुण्याला गाय न्यायची तर गुरांच्या डॉक्टरचा दाखला खरंच लागतो का?

प्रश्न: कुटुंबासकट कायमचे म्हापशाहून पुण्याजवळ राहायला चाललो आहोत. घरची एक गाय आणि कुत्रा सोबत न्यायचे आहेत. डॉक्टरचा दाखला लागतोच का? टेम्पोवाल्याच्या ओळखीचा एजंट हजार रुपयांत घरबसल्या आणून देतो म्हणतोय. कुणाला अनुभव?

उत्तर:

अनुभव आहे. दाखला दोघांनाही लागतो. आणि त्या एजंटला आजच नाही म्हणून कळवा.

कुत्र्याचं आधी उरकते. रेबीजच्या लशीचं कार्ड चालू हवं आणि निघायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी डॉक्टरकडून प्रवासाचा दाखला घ्यायचा. रेल्वेने नेणार असाल तर पार्सल ऑफिसात आधी जाऊन विचारा. स्वतःच्या गाडीतून नेत असाल तरी कागद जवळ असू दे. बस.

आता गाय. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, डेअरीला दूध घालणारे. 2018 च्या दिवाळीनंतर घाटावरून दोन गाई आणायचं ठरलं. थोरले दीर, मी आणि टेम्पोवाला असे तिघं गेलो. धारा मी काढते, त्यामुळे कास आणि सड मला स्वतः बघायचे होते. बायकांचं बाजारात काय काम, हे घरातून निघतानाच एकदा ऐकून झालं होतं.

दुपारपर्यंत दोन संकरित गाई ठरल्या. काळ्या-पांढऱ्या, दुसऱ्या वेताच्या. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. दाखल्याचं विचारलं तर दलालाने पिशवीतून अख्खं पॅडच काढलं. खाली सही आणि शिक्का आधीच मारलेला, वरच्या जागा मोकळ्या. गुडघ्यावर पॅड ठेवून त्याने लिहिलं: जनावरं दोन, रंग तांबडा. बिल्ल्याचा नंबर कुठूनतरी उतरवला. मी दोन्ही गाईंचे कान धरून बिल्ले वाचले. बारा-बारा आकडे, एकही जुळेना. तपासणीची तारीख होती, वेळेची जागा कोरी. मी म्हटलं, ‘‘भावोजी, हा कागद ह्या गाईंचा नव्हे.’’ ते म्हणाले, ‘‘अगो, कागद नाक्यावर दाखवायला असतो. गाय वाचते काय कागद?’’ टेम्पोवाला हसला. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून सलतं.

घाट उतरून नाक्यावर आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. शिपायाने बॅटरीच्या उजेडात कागद बघितला, हौद्यातली दोन डोकी मोजली, जा म्हणाला. भावोजींच्या लेखी वाद तिथेच संपला. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. आता वेगळं कुठे बांधणार म्हणून आमच्याच गुरांच्या रांगेत दोन्ही बांधल्या.

चौथ्या दिवशी पहाटे धारेला बसले तर नव्यातली एक तोंडातून लाळेच्या तारा गाळत होती आणि मचमच आवाज करत होती. तोंड उघडून बघितलं तर जिभेचं कातडं सोलून निघालेलं. लाळ-खुरकूत, गुरांच्या तोंडाला आणि खुरांना होणारा साथीचा रोग. दोन दिवसांत दुसरी आजारी पडली, आठवड्याभरात आमची आधीची पाचही. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने खूर धुवायचे, तोंडात बोरोग्लिसरीन लावायचं, पातळ पेज पाजायची, दिवसातून तीनदा. मोठी गुरं जगली. वासरांना हा रोग कधी कधी तोंडात फोड यायच्या आधीच काळजाच्या स्नायूत धरतो. संध्याकाळी आईला प्यालेली पाडी सकाळी गोठ्यात आडवी पडलेली असते. आमच्या दोन गेल्या. त्यातली एक चवथीच्या दिवसांत जन्मलेली होती. माझ्या मुलीने तिचं नाव गवरी ठेवलं होतं.

शेजारच्या काकींची एकच म्हैस. ओहळावर आमची गुरं आणि ती एकाच पाणवठ्याला. तिला झालं ते आमच्यामुळे. काकींच्या अंगणात जाऊन ते सांगायचं माझ्या वाट्याला आलं, भावोजी आले नाहीत. काकींनी ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. म्हैस वाचली, पण पूर्वीइतकं दूध तिने पुन्हा दिलं नाही.

भावोजी आजही म्हणतात, हवा बदलली की रोग येतोच, डॉक्टरच्या सहीने काय अडला असता. सात वर्षं मी हा वाद घरात घालते आहे, म्हणून तुमच्या प्रश्नावर एवढं लिहायला बसले.

मग मी तो नियमच मिळवून वाचला. प्राणी वाहतुकीचे नियम 1978 चे आहेत आणि दाखल्याचा नमुना त्यातच छापलेला आहे. डॉक्टरने त्यात लिहून द्यायचं असतं की जनावर निघायच्या आधी 12 तासांच्या आत मी ते स्वतः तपासलं, ते प्रवासाला धड आहे, संसर्गजन्य रोगाचं लक्षण दिसत नाही, लशी टोचलेल्या आहेत, पोटभर चारा-पाणी झालेलं आहे. तपासणीची तारीख आणि वेळ, दोन्ही लिहायची. बारा तास! आधीच सही मारून ठेवलेल्या पॅडवर हे कुणी कसं लिहून देईल? तुमच्या एजंटचा कागद हजाराचा असो की शंभराचा, गाईला न बघता केलेला असेल तर तो दाखलाच नव्हे.

त्याच नियमात बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जुन्या जीवघेण्या साथीच्या, लशीचं नाव आहे. बुळकांडी जगातून संपल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं. भावोजी ती ओळ दाखवून म्हणतात, बघ, किती जुनाट कागद. मी म्हणते, बुळकांडी गेली ती गावोगाव लशी टोचून आणि आजारी गुरांची ये-जा अडवूनच गेली. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचा अख्खा गोठा तिने रिकामा केला होता, हे ह्याच घरात सांगतात.

कायद्याच्या भीतीने दाखला घ्या असं मी म्हणणारच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड 1960 च्या कायद्यात 10 ते 50 रुपये आहे, त्याला कोण भिणार. दाखला पोलिसासाठी नसतो. गाय जिथे उतरणार तिथल्या गोठ्यासाठी असतो. पुण्यात तुमच्या गाईच्या शेजारी ज्याची गुरं बांधलेली असतील, तो माणूस तुम्हाला अजून भेटलेलाही नाही. दाखला त्याच्यासाठी आहे.

2024 मध्ये आम्ही पुन्हा एक गाय घ्यायला गेलो. ह्या वेळी बाजारातून नव्हे, घाटावरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून, आणि तिथल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना आधी सांगून. त्यांनी थर्मामीटर लावला, तोंड उघडून जीभ आणि हिरड्या बघितल्या, चारही खूर उचलून बोटांमधली फट बघितली, कास दाबून बघितली. ताप निघाला 104. गाईचा नेहमीचा 101-102 च्या आसपास असतो. डॉक्टर म्हणाले, आज दाखला देत नाही. भावोजी रागावले, विसार आधीच दिलेला होता. मी गाय घेतली नाही. तिला पुढे काय झालं मला ठाऊक नाही, पण ती आमच्या दावणीला आली नाही. विसार बुडाला, आणि त्याचा उल्लेख अजून जेवताना होतो. होऊ दे.

तुम्ही काय करायचं ते सांगते. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात चार दिवस आधी जाऊन निघायची वेळ सांगा, म्हणजे डॉक्टर त्याच सकाळी येऊन बघतील. गाईला बिल्ला नसेल तर आधी मारून घ्या, दाखल्यावर तोच नंबर हवा, आणि सही होण्याआधी बाराच्या बारा आकडे स्वतः वाचा. लाळ-खुरकूतची लस सरकार फुकट टोचतं. ती निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. गाय तुमची आहे हे दाखवणारा कागदही बरोबर ठेवा, आजकाल रस्त्यात डॉक्टरच्या दाखल्याआधी तोच विचारतात. टेम्पोत एका गाईला 2 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद जागा लागते, तळाला काथ्याची चटई किंवा जाड पेंढा, तोंड इंजिनाकडे. कपाट आणि फ्रिज त्याच हौद्यात कोंबू नका. सामानाबरोबर जनावर न्यायला नियमाची मनाई आहे, आणि घाटातल्या वळणावर कपाट गाईच्या पायावर आलं तर तो पाय गेला म्हणून समजा.

एक गोष्ट भावोजींच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. खरा डॉक्टर खरी तपासणी करूनही फसू शकतो, कारण लाळ-खुरकूतची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे जातात. त्या मधल्या दिवसांत गाय अगदी निरोगी दिसते. म्हणून दाखला असला तरी पुण्याला उतरल्यावर तिला 21 दिवस वेगळी बांधा, घमेलं वेगळं, बादली वेगळी, आणि तिची धार सगळ्यात शेवटी काढा. त्या रात्री आम्ही एवढं जरी केलं असतं तरी निदान काकींच्या म्हशीला ते दुखणं लागलं नसतं. पण नव्या गाई वेगळ्या बांधाव्यात हे तेव्हा भावोजींना सुचलं नव्हतं, मलाही नाही.

निघायच्या आठवड्यात महाराष्ट्रात गुरांच्या ने-आणीवर बंदी तर नाही ना, हे डॉक्टरांनाच विचारा. 2022 मध्ये गुरांचा लम्पी हा त्वचेचा साथीचा रोग आला तेव्हा तिकडे बाजारही बंद होते आणि वाहतूकही, तेव्हा कितीही खरा दाखला असता तरी गाडी पुढे गेली नसती.

आणि गाय गाभण आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेवटचा महिना असेल तर आता नेऊच नका. विऊ दे, वासरू जरा मोठं होऊ दे, तोवर ओळखीच्या गोठ्यात ठेवा. सत्तरीपर्यंत आणायची तयारी असेल तर कळवा, आमच्याकडे वेगळी बांधायला जागा आहे.