नोकरी सोडू की बुद्धिबळ?

नोकरी सांभाळून मनापासून काही खेळणारी, गाणारी, नाटक करणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: दोन्ही जमत नाही, काय सोडू? इथे ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याचा प्रश्न बुद्धिबळाचा होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या पुढे. भोसरीतल्या एका कारखान्यात डिझाइन विभागात नोकरी. मूळचा सांगलीचा, म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलांच्या पिढ्यांना पटासमोर बसवलं त्या गावचा. शाळेत असताना खेळायचा. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न यांत पट मागे पडला आणि कोविडच्या काळात मोबाइलवर पुन्हा सुरू झाला. मग तो खऱ्या स्पर्धांना जायला लागला. फिडे रेटिंग, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने खेळाची ताकद मोजायला ठरवलेला आकडा, १६५० च्या आसपास.

बुद्धिबळ घरबसल्या होणारा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी क्लासिकल स्पर्धेचं वेळापत्रक बघावं. नऊ फेऱ्या, साधारण पाच दिवस, बहुतेक दिवशी दोन डाव. प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि शिवाय चालीमागे तीस सेकंद. एकेक डाव चार तास चालू शकतो. म्हणजे शनिवार-रविवार धरूनही तीन दिवसांची रजा लागते आणि प्रवास वेगळा. ही रजा तो आजारपणाच्या नावाखाली घ्यायचा. स्पर्धांचे निकाल नेटवर लागतात. ऑफिसातल्या एकाने त्याचं नाव शोधलं आणि जेवणाच्या टेबलावर विचारलं, "काय, ताप उतरला का?" त्या दिवसापासून त्याला साहेबांसमोर उभं राहणं अवघड झालं होतं.

पण त्याला आतून पोखरत होती ती दुसरीच गोष्ट. "मॅडम, दहा वर्षांच्या मुलाने मला हरवलं. माझा घोडा अडकला तेव्हा तो खुर्चीत पाय हलवत बसला होता." हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. तीन स्पर्धांत रेटिंग घसरत गेलं होतं आणि आपली बुद्धीच मंदावली, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी त्याला रेटिंगचं गणितच मांडून दाखवायला सांगितलं. समजा तो १६५० आणि समोरचा मुलगा १५००. जिंकल्यास एक गुण धरला, तर या फरकाला त्याच्याकडून डावामागे ०.७० गुणांची अपेक्षा असते. रेटिंग किती वेगाने बदलायचं ते गुणक ठरवतो. त्याच्यासाठी गुणक २०, म्हणून हरल्यावर रेटिंगमधले १४ गुण जातात. अठरा वर्षांखालच्या मुलाचा गुणक ४०, त्याला २८ मिळतात. मुलांचा गुणक मोठा ठेवला आहे, कारण ती झपाट्याने सुधारतात आणि त्यांचं रेटिंग मागे राहतं. कागदावर १५०० दिसणारा मुलगा पटावर त्याहून बराच पुढे असू शकतो. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याने ते कधी लावून पाहिलं नव्हतं. गणित मांडून झाल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे मी तितका वाईट खेळलो नाही," एवढंच म्हणाला.

मग रात्रींचा विषय निघाला. हरून आला की तो फोनवर तीन मिनिटांचे डाव खेळत बसायचा, कधी पहाटे दोनपर्यंत. त्याला मी सरावात धरत नाही. ती हार पुसून काढायची धडपड असते, आणि फोनवर हरलं की पुसायला आणखी एक हार तयार. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगमध्ये चुका व्हायच्या. आम्ही ठरवलं: हरलेला डाव त्याच संध्याकाळी पटावर मांडायचा, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, न लावता कुठे चुकलं ते दोन ओळींत लिहायचं आणि वही मिटायची. रात्री फोन बाहेरच्या खोलीत.

एका भेटीला त्याची बायको आली. तिची तक्रार स्पर्धांबद्दल असेल असं त्याला वाटत होतं. ती म्हणाली, "जायला माझी ना नाही. पण स्पर्धा रविवारी संपते आणि हा गुरुवारी घरी येतो." त्यानंतर त्याला फार समजवावं लागलं नाही.

तरी "काय सोडू" हा प्रश्न उरलाच होता. मी विचारलं, "उद्या नोकरी सोडलीत, तर सोमवारी सकाळी काय कराल?" दुपारपर्यंत डाव बघेन, म्हणाला. दुपारनंतरचं सुचेना. घराचे हप्ते चालू होते आणि व्यावसायिक खेळाडू व्हायची त्याची खरी इच्छाही नव्हती. पण मॅक्स युवे शाळेत गणित शिकवत १९३५ साली जगज्जेता झाला, दुसरा जगज्जेता बॉट्विनिक विद्युत अभियंता होता, ही उदाहरणं तो स्वतःला टोचून घ्यायला वापरायचा. त्यातलं बॉट्विनिकचं उदाहरण मला त्याच्याच उपयोगाचं वाटलं. १९४८ मध्ये जगज्जेतेपद मिळाल्यावर तो १९५१ च्या किताब राखण्याच्या लढतीपर्यंत एकही जाहीर स्पर्धा खेळला नाही, डॉक्टरेटच्या कामात होता. लढत १२–१२ अशी बरोबरीत सुटली आणि किताब त्याच्याकडेच राहिला. रोज दोन्ही गोष्टी पूर्ण ताकदीने करण्याचा हट्ट त्यानेही धरला नव्हता. एकाची पाळी चालू असताना दुसरी थांबली होती.

आम्हीही पाळ्या लावल्या. वर्षाला दोनच क्लासिकल स्पर्धा. महिन्यातून फार तर एका रविवारी रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची स्पर्धा, जिला रजा लागत नाही. ड्रॉइंग पाठवण्याचे धामधुमीचे आठवडे आधीच वगळले. मग तो साहेबांकडे गेला आणि आजारपणाच्या रजांबद्दल खरं सांगितलं. साहेब चिडले, आणि ते रास्तच होतं. पण सहा आठवडे आधी कळवलंस तर रजा बघू, असंही म्हणाले. खोटं बोलण्याचा भार उतरल्यावर त्याची झोप जितकी सुधारली तितकी माझ्या कुठल्याही सूचनेने सुधारली नसती.

ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जेवण कमी झालंय, खेळावरूनही मन उठलंय, त्यांनी मात्र वेळापत्रक आखत बसू नये. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. तिथे दुखणं नोकरी-खेळाच्या पलीकडचं असू शकतं.

दुपारच्या फेरीत तो अजूनही हरतो. सकाळचे चार तास खेळून मेंदू शिणतो, आणि तो दहा वर्षांचा नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये आता तो सकाळच्या डावाची चर्चा करत उभा राहत नाही, हलकं खातो, थोडा वेळ डोळे मिटून पडतो. याचा किती उपयोग होतो ते पुढच्या स्पर्धेत कळेल. तिची रजा मंजूर झाली आहे.