सीमेवरच्या छोट्या गावात मोठा पूल झाला की गाव श्रीमंत होतं का?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेतल्या एखाद्या लहानशा सीमावर्ती गावात कोट्यवधी डॉलरचा पूल बांधला, तर तिथल्या माणसांच्या हाती काय लागतं. मी झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, मालवाहतुकीच्या धंद्यात होतो, म्हणून झांबिया-बोत्स्वाना सीमेवरच्या काझुंगुलाचंच सांगतो.

झांबिया आणि बोत्स्वाना यांची एकमेकांना लागून असलेली हद्द जेमतेम दीडशे मीटरची, तीही झांबेझी नदीत. पूर्वी तिथे पॉन्टून, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारा सपाट तराफा, चालायचा. एका खेपेत एखाद-दुसरा अवजड ट्रक, त्यामुळे कॉपरबेल्ट या खाणपट्ट्यातलं तांबं घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदराकडे निघालेल्या गाड्या कित्येक दिवस अडकून पडायच्या. मे 2021 मध्ये 923 मीटरचा पूल खुला झाला, खर्च सुमारे 26 कोटी डॉलर. झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरू नये म्हणून तो चक्क वाकडा बांधलाय! सोबत एकत्रित सीमा चौकीही आली. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात, त्यामुळे गाडीची तपासणी एकदाच होते. धंद्याच्या दृष्टीने मला पुलापेक्षाही ही चौकी मोलाची वाटते. कागद अडले तर पूल असून काय उपयोग?

पण यात फायदा झाला तो मार्गाचा. खाणवाल्यांचा, वाहतूकदारांचा, आयातदारांचा. सीमेवरच्या गावाची रोजची कमाई खोळंब्यावर चालते: जेवण, खोली, मोबाईलचं रिचार्ज, चलन बदलून देणारे. ड्रायव्हर जितका लवकर सुटतो, तितकी ही गिऱ्हाइकी आटते. गाड्या वाढल्या तर थोडी भरपाई होते, एवढंच. बोत्स्वानाच्या बाजूला कासाने शहर आणि चोबे राष्ट्रीय उद्यान जवळ असल्यामुळे पर्यटनाचा आधार आहे. पलीकडे तसा नाही.

मग झांबियातल्या शेतकऱ्याने पुलावरून भाजी नेऊन विकावी, असं कुणीही म्हणेल. इथेच खरी मेख आहे. छोट्या व्यापाऱ्यांसाठी कोमेसा या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकी देशांच्या व्यापारी गटाची सोप्या कागदपत्रांची सवलत आहे, पण बोत्स्वाना त्या गटातच नाही. झिम्बाब्वेच्या सीमेवर चिरुंडूला ती सवलत मिळते, काझुंगुलाला नाही. त्यात जानेवारी 2022 पासून बोत्स्वानाने टोमॅटो, कांदा, बटाटा अशा 16 भाज्यांची आयात रोखली. हेतू स्वतःचे शेतकरी उभे करण्याचा, आणि त्यात गैर काही नाही. नंतरच्या सरकारने ती बंदी सैल करायला घेतली. पण पूल झाल्यावर वर्षभराच्या आतच नदीपलीकडची बाजारपेठ भाजीवाल्यांना बंद झाली होती, हे विसरू नका.

तेव्हा तुमच्या मनात जे गाव असेल, तिथे पुलाची लांबी नंतर बघा. शेजारचा देश काय आत येऊ देतो, ट्रक थांबायला जागा गावात आहे की गावाबाहेर, आणि गोदामं बांधायला जमीन कुणाला मिळते, एवढं आधी तपासा. काझुंगुलाच्या पुलावर मधोमध रेल्वेमार्गाची सोयही केलीय, पण त्याला जोडणारी रेल्वे दोन्ही बाजूंना अजून पोहोचलेली नाही. ती आलीच, तर उरलेल्या ट्रकांचंही गणित बदलेल.